उणे दहा ते अधिक दहा व्होल्ट, कंट्रोलरच्या तीन व्होल्टांत: मकरपुऱ्यातल्या एका पॅनेलचं काम

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) प्लॅस्टिक फिल्मच्या एका कारखान्यात स्लिटिंग मशीनवर, म्हणजे फिल्मच्या पट्ट्या कापणाऱ्या मशीनवर, हे काम केलं. २० फेब्रुवारी २०२५ ला पहिलं माप घेतलं आणि २८ मार्चला बिल जमा झालं. या पाच आठवड्यांत आकडेमोडीला एक संध्याकाळ लागली. बाकीचे दिवस कशात गेले ते तारखांसकट लिहितो आहे. सिग्नलचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं म्हणजे दोन-तीन रेझिस्टर लावले की झालं, असं समजून उतरणारे जिथे अडकतात तिथेच आम्हीही अडकलो होतो.

काम असं होतं. फिल्मचा ताण मोजणाऱ्या लोडसेलचा अँप्लिफायर −१० ते +१० व्होल्ट देतो. नवा कंट्रोलर एसटीएम३२ जातीच्या चिपचा, त्याच्या पिनला ० ते ३.३ व्होल्टच्या बाहेरचं काही दाखवायचं नाही. उलट दिशेला मोटरच्या ड्राइव्हला वेगाचा हुकूम ० ते १० व्होल्टमध्ये द्यायचा. एक सिग्नल खाली आणायचा, एक वर न्यायचा.

तयार सिग्नल कन्व्हर्टरचं कोटेशन आधी मागवलं होतं: प्रत्येकी ४,२०० रुपये, वर १८% जीएसटी, डिलिव्हरी चार आठवडे. एकच मशीन असतं आणि वेळ हातात असता तर तेच घेतलं असतं, आणि तुम्हालाही तोच सल्ला देईन. इथे पुढे अशाच सहा मशीन करायच्या होत्या, म्हणून बोर्ड बनवायचं ठरलं.

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मशीनला हात लावायला आठवड्यातून तोच एक दिवस. त्यातही गेटवर पास, पासवर लॅपटॉपचा आणि मल्टिमीटरचा सिरियल नंबर, आत गेल्यावर इलेक्ट्रिकल विभागाचं वर्क परमिट, आणि विम्याच्या कागदाची प्रत. पहिल्या गुरुवारी यातच पावणेदोन तास गेले. पुढच्या वेळेपासून सगळे कागद आदल्या दिवशी मेलवर पाठवून त्याची छापील प्रत सोबत ठेवली, मग वीस मिनिटांत आत.

२० फेब्रुवारीला फक्त मापं घेतली. रोलरवर वजन टांगून अँप्लिफायरचं आउटपुट पाहिलं, ड्राइव्हच्या अॅनालॉग टर्मिनलचा प्रकार पाहिला, केबल किती लांब जाणार ते मोजलं (पंधरा मीटर). अँप्लिफायरच्या कागदात एक ओळ मोलाची होती: आउटपुटवर कमीत कमी २ किलोओहमचा भार चालेल. ही ओळ पुढे कामी आली.

आता हिशेब. −१० ते +१० ला शून्याच्या वर आणायचं तर भाग द्यायचा आणि वर उचलायचं, दोन्ही एकदम करावं लागतं. त्याला तीन रेझिस्टर पुरतात: सिग्नलकडून एक, स्थिर व्होल्टेजकडून एक, ग्राउंडकडे एक, तिन्ही एका बिंदूला जोडलेले. प्रत्येक रेझिस्टरचा उलटा आकडा, म्हणजे वाहकता, काढली की हिशेब बेरजेचा होतो. सिग्नलचा वाटा म्हणजे त्याची वाहकता भागिले तिघांची बेरीज. पहिल्या आराखड्यात १०० के, ३० के आणि ४३ के घेतले (के म्हणजे किलोओहम). वाहकता १०, ३३.३३ आणि २३.२६ मायक्रोसीमेन्स, बेरीज ६६.५९. सिग्नलचा वाटा ०.१५०, आणि ३.३ व्होल्टचा जवळजवळ निम्मा, म्हणजे १.६५ व्होल्ट. −१० ला ०.१५ व्होल्ट, +१० ला ३.१५ व्होल्ट. तिन्ही किमती दुकानात सहज मिळतात. दोन्ही टोकांना थोडी जागा मुद्दाम सोडायची. ऑपअँप (सिग्नल पुढे देणारी अँप्लिफायर चिप) कितीही रेल-टू-रेल, म्हणजे सप्लायच्या दोन्ही टोकांपर्यंत जाणारा, म्हणवला तरी अगदी शून्याला आणि अगदी सप्लायला टेकत नाही.

त्या बिंदूचा स्वतःचा रोध १५ के येतो. थेट एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) दिला तर आतला छोटा कपॅसिटर वेळेत भरत नाही आणि आकडा कमी दिसतो, म्हणून मध्ये एमसीपी६००२ या ऑपअँपचा बफर, म्हणजे व्होल्टेज तेच ठेवून जोर देणारा टप्पा. रावपुऱ्यातल्या दुकानातून १% मेटल फिल्म रेझिस्टर, एलएम३५८ (ड्राइव्हकडच्या सिग्नलसाठी ऑपअँप), ७८१५ (१५ व्होल्टचा रेग्युलेटर), झीरो पीसीबी (भोकांचा तयार बोर्ड) आणि टर्मिनल असं ३४० रुपयांत आलं. एमसीपी६००२ तिथे नव्हता, तो आमच्याकडे शिल्लक होता.

२७ फेब्रुवारीला झीरो पीसीबीवरचा पहिला बोर्ड पॅनेलमध्ये बसवला. तपासायला मशीनचा सिग्नल लावण्याआधी ९ व्होल्टची साधी बॅटरी वापरा. ती कशालाही जोडलेली नसते, तिच्यात गुरगुर (विजेच्या तारांतून येणारी थरथर) नसते, टोकं उलटी केली की उणे सिग्नल मिळतो. नवी बॅटरी मल्टिमीटरवर ९.३ च्या आसपास दाखवते. तोच आकडा कंट्रोलरवर यायला हवा.

टेबलवर आला होता. पॅनेलमध्ये रिले आणि वायफाय मॉड्यूल चालू झाल्यावर ९.३० चे ९.३९ झाले. इनपुटची दोन टोकं जोडून शून्य पाहिलं तर ते मात्र अचूक. शून्य बरोबर आणि वरचा आकडा १% जास्त, हे लक्षण नीट लक्षात ठेवा. बोर्डावरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर भाराखाली ३.२७ वर आला होता. उचलणारं व्होल्टेज त्याच रेलमधून (सप्लायच्या तारेतून) येत होतं आणि एडीसीही त्याच रेलशी तुलना करत होता, म्हणून शून्याची चूक दोन्हीकडून सारखी होऊन नाहीशी झाली. मशीनकडून आलेला सिग्नल मात्र रेलसोबत कमी झाला नाही, त्यामुळे तो मोठा दिसू लागला. ३.३० भागिले ३.२७ म्हणजे १.००९, नेमकी तेवढीच चूक. रेझिस्टर बदलत बसलो असतो तर आठवडा गेला असता.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट कळली. सिग्नलची वायर टर्मिनलमधून काढली तर कंट्रोलर +१.९४ व्होल्ट दाखवत होता. मशीन बंद, वायर तुटलेली, आणि कंट्रोलरला वाटतंय की फिल्मवर ताण आहे. अशा वेळी तो मोटरचा वेग त्या खोट्या ताणावरून ठरवेल. हे पाहिल्यावर पोटात गोळा आला, कारण कागदावर आम्ही ही अवस्था तपासलीच नव्हती. कारण सोपं आहे: सिग्नलचा रेझिस्टर लटकला की बिंदूवरचं व्होल्टेज बाकीचे दोघं ठरवतात, आणि ते १.९४ आहे. कुठलंही असं सर्किट काढलंत तर वायर सुटल्यावर काय दिसेल ते आधी काढा, मग बाकीचं.

वरच्या दिशेचाही निकाल त्याच दिवशी लागला. एलएम३५८ ला १२ व्होल्ट दिले होते. त्याचं आउटपुट सप्लायच्या दीड-दोन व्होल्ट खालीच थांबतं. ड्राइव्हला ९.९ व्होल्टच्या वर काही मिळेना, आणि स्क्रीनवर ५० ऐवजी ४९.५ हर्ट्झ. त्याआधी अर्धा तास तर दोनच व्होल्ट मिळत होते. ड्राइव्हमधला जंपर (इनपुट व्होल्टेजचं की करंटचं ते ठरवणारी छोटी पिन) करंटच्या बाजूला होता. त्या बाजूला इनपुट साधारण २५० ओहमचं होतं, आणि १० व्होल्टसाठी ४० मिलिअँप लागले असते. जंपर आधी पाहा, मग सर्किटवर शंका घ्या. आणि ही सगळी तपासणी मोटरची कपलिंग काढून करा.

२८ फेब्रुवारीला सुटे भाग ऑनलाइन मागवले. आरईएफ३०३० (३.० व्होल्टचा स्थिर संदर्भ, म्हणजे तुलनेचं न हलणारं व्होल्टेज, ०.२%), एमसीपी३२०८ (बाहेरचा १२ बिट एडीसी, ज्याला संदर्भाची वेगळी पिन आहे), एमसीपी४८२२ (१२ बिट डॅक, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप, आत २.०४८ व्होल्टचा संदर्भ). दोन-दोन नग, कुरिअर आणि जीएसटी धरून २,०६० रुपये. ५ मार्चला संध्याकाळी पार्सल आलं. आरईएफ३०३० एसओटी-२३ आकाराचा असतो, झीरो पीसीबीवर बसत नाही. दहा-पंधरा रुपयांचा अडॅप्टर त्याच ऑर्डरमध्ये घ्या, नाहीतर त्या एका तुकड्यासाठी पुन्हा थांबावं लागेल.

संदर्भ ३.० व्होल्टचा झाल्यावर सिग्नलचा रेझिस्टर १२० के केला, बाकीचे दोन तेच. वाटा ०.१२८४, शून्याला १.५४ व्होल्ट, −१० ला ०.२५७, +१० ला २.८२४. एडीसीच्या आकड्याची एक पायरी म्हणजे मशीनच्या बाजूचे ५.७ मिलिव्होल्ट. अचूकतेची किंमत म्हणून थोडी बारकाई गेली, पण ताणाच्या मापाला ती भरपूर आहे. उचलणारे ३.० व्होल्ट आणि एडीसीचा संदर्भ एकाच आरईएफ३०३० वरून घेतले, म्हणजे शून्याची ती आपोआप कापली जाणारी चूक आपल्या बाजूने राहते.

वायर सुटण्यावर उपाय: इनपुट टर्मिनलवर १० केचा रेझिस्टर ग्राउंडला. वायर निघाली तरी १.७७ ऐवजी ०.१२ व्होल्ट दिसतात. १० व्होल्टला हा रेझिस्टर १ मिलिअँप ओढतो, आणि २ किलोओहमची ती ओळ वाचलेली असल्यामुळे निर्धास्तपणे लावता आला. शिवाय प्रोग्राममध्ये: मशीन चालू असताना दोन सेकंद ताण शून्याजवळ राहिला तर मशीन थांबवायची.

एमसीपी३२०८ ला ५ व्होल्ट देण्याचा मोह आवरा. मग त्याला 'हाय' (डिजिटल १) ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात आणि कंट्रोलर देतो ३.३, कधी चालेल, कधी नाही. त्याला ३.३ च द्यायचे आणि क्लॉक १ मेगाहर्ट्झच्या आत ठेवायचं.

६ मार्चचा गुरुवार ग्राउंडने खाल्ला. बॅटरी लावली की आकडा स्थिर, मशीनचा सिग्नल लावला की ४० पायऱ्या वर-खाली. मल्टिमीटर एसीवर ठेवून दोन्ही पॅनेलच्या ० व्होल्टमध्ये लावला तर ०.२ व्होल्ट. केबलची शील्ड दोन्ही टोकांना अर्थला जोडलेली होती. पॅनेलचे वायरमन काका शील्ड सोडायला तयार होईनात.

"साहेब, इथे दोन्हीकडे अर्थ दिल्याशिवाय पास करत नाहीत."

"काका, बॉडीच्या अर्थला मी हातच लावत नाही. ही फक्त शील्डची जाळी आहे. हिच्यातून दोन पॅनेलचा फरक वाहतोय. एक टोक सोडून बघू, आकडा हलला तर तुम्हीच परत जोडा."

त्यांनी स्वतः कंट्रोलरकडचं टोक सोडलं, टेप गुंडाळली, आणि स्क्रीनकडे पाहत उभे राहिले. ४० पायऱ्यांचे १२ झाले. मग या बोर्डासाठी २४ व्होल्टचा वेगळा छोटा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेतला (५५० रुपये) आणि त्याचा उणे अर्थला न जोडता सिग्नलच्या जोडवायरमधून आलेल्या अँप्लिफायरच्या ० व्होल्टलाच जोडला. त्याआधी ड्राइव्हचं अॅनालॉग कॉमन आतून अर्थला नाही ना, हे मल्टिमीटरने पाहून घ्यावं लागतं. ते अर्थला असेल तर हा मार्ग बंद आणि आयसोलेटर विकत घेणंच बरं.

उरलेली गुरगुर दोन गोष्टींनी गेली. रेझिस्टरांच्या बिंदूवर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, म्हणजे १५.४ केबरोबर १० हर्ट्झचा फिल्टर. ५० हर्ट्झ साधारण पाचव्या हिश्शावर येतं. आणि प्रोग्राममध्ये दर मिलिसेकंदाला एक अशी २० मापं घेऊन सरासरी. २० मिलिसेकंद म्हणजे आपल्या वीजपुरवठ्याचं बरोबर एक आवर्तन, त्यामुळे चढ-उतार एकमेकांत जिरतात. १६ किंवा ३२ मापांची सरासरी प्रोग्रामला सोयीची वाटते, पण इथे २० च हवीत. आता आकडा एक-दोन पायऱ्यांत थांबतो. बदल्यात उत्तर स्थिरावायला दहावा हिस्सा सेकंद लागतो. या मशीनला चालतं, वेगवान सर्व्होला चालणार नाही.

७ मार्चला पीसीबीची ऑर्डर देणार होतो, पण त्याआधी टेबलवर हेअर ड्रायर लावून पाहिला. बडोद्याच्या मे महिन्यात बंद पॅनेलच्या आत ५० अंशांच्या वर सहज जातं, म्हणून ही चाचणी मी कुठल्याही बोर्डाची सोडत नाही. गरम हवा लागली तसं +१० ला ०.१ व्होल्टहून जास्त सरकलं. एकेक भाग कागदाने झाकून हवा दिली; बीएटी५४एस उघडा राहिला की सरकायचं. हा शॉटकी डायोडचा जोड इनपुटच्या संरक्षणाला सगळेच लावतात. पण शॉटकी गरम झाला की गळतो, आणि वरच्या-खालच्या डायोडची गळती एकमेकींना पूर्ण कापत नाही. १ मायक्रोअँपचा फरक १५.४ केवर १५ मिलिव्होल्ट होतो, म्हणजे मशीनच्या बाजूला ०.१२ व्होल्ट. त्याजागी साधे १एन४१४८ डायोड लावले. चुकून २४ व्होल्ट लागले तरी १२० केमधून ०.२ मिलिअँपसुद्धा येत नाही, तेवढ्याला ते पुरतात आणि एमसीपी६००२ चं इनपुट सप्लायच्या १ व्होल्ट वरपर्यंत सोसतं. पुन्हा ड्रायर लावला, आकडा जागेवरून हलला नाही. तो क्षण पूर्ण कामातला सगळ्यात समाधानाचा.

पीसीबीचे पाच नग १,९०० रुपये, दहा दिवसांचा वायदा. त्याच दिवशी आमचा मल्टिमीटर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनला दिला, कारण खरेदी विभागाला प्रमाणपत्र हवं होतं. फॉर्मवर मीटरचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर, कुठल्या रेंजवर कोणते बिंदू हवेत ते, जीएसटी नंबर. बिंदू आपण लिहिले नाहीत तर ते त्यांच्या नेहमीच्या बिंदूंवर करतात. आम्हाला −१०, −५, ०, ५, १० हवे होते म्हणून तसे लिहिले. १,५०० अधिक जीएसटी, १,७७० रुपये आगाऊ. प्रमाणपत्रावर कंपनीचं नाव जीएसटीच्या कागदाप्रमाणे अक्षरशः तेच हवं, फॉर्म भरतानाच जुळवून घ्या. १३ मार्चचा गुरुवार होळीत गेला, १४ ला धुळेटी. १७ ला पीसीबी आले, १८ ला मीटर परत.

वर नेणारी बाजू अशी स्थिरावली. डॅकचे २.०४८ व्होल्ट, पाचपट, म्हणजे १०.२४. एक पायरी बरोबर अडीच मिलिव्होल्ट, हिशेब तोंडी होतो. पाचपटीसाठी एकाच पट्टीतले १० केचे पाच रेझिस्टर घेतले: चार ओळीने फीडबॅकला, एक ग्राउंडला. एका पट्टीतले भाग उष्णतेने साधारण सारखेच सरकतात, म्हणून गुणोत्तर टिकतं. एलएम३५८ ला ७८१५ वरून १५ व्होल्ट. आउटपुटला १०० ओहम ओळीत, कारण पंधरा मीटर शील्डेड केबलचा कपॅसिटन्स थेट लावला की एलएम३५८ थरथरतो. ड्राइव्हचं इनपुट २० केचं आहे, त्यामुळे या १०० ओहमवर अर्धा टक्का पडतो, तो कॅलिब्रेशनमध्ये धरला जातो. डॅकच्या पिनवर १०० के ग्राउंडला हवाच: वीज आल्यावर पहिला हुकूम मिळेपर्यंत एमसीपी४८२२ चं आउटपुट लटकलेलं असतं, आणि लटकलेल्या पिनवर पाचपट अँप्लिफायर म्हणजे मोटर स्वतःहून फिरण्याची सोय.

२० मार्चला बोर्ड बसला आणि कॅलिब्रेशन केलं. १% चे तीन रेझिस्टर वाईट बाजूला जमले तर गुणोत्तर पावणेदोन टक्क्यांपर्यंत चुकू शकतं, पण दोन बिंदूंवर माप घेऊन ही चूक प्रोग्राममध्येच काढता येते. महाग रेझिस्टर लागत नाहीत. −१० ला ३५४, +१० ला ३८६१ पायऱ्या आल्या, म्हणजे एका पायरीला ५.७०३ मिलिव्होल्ट. मधला ० व्होल्ट २१०७ वर आला, गणिताने २१०७.५ हवा होता. दोन टोकांवर कॅलिब्रेट करून मधला बिंदू फक्त पडताळायला ठेवावा. तो चुकला तर काहीतरी वाकडं आहे, बहुधा एखादं टोक ऑपअँपच्या मर्यादेला टेकलंय.

२७ मार्चला मशीन दिवसभर फिल्म लावून चालवली. वायर काढून पाहिली, दोन सेकंदांत थांबली. २८ ला बिल: सोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र, मापांचा तक्ता, सर्किटची प्रत, गेटपासची कार्बन कॉपी. ३१ मार्चच्या आत बिल नोंदलं गेलं नाही तर ते पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये जातं आणि ऑर्डर पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते, असं खरेदी विभागाने आधीच सांगितलं होतं, म्हणून तारीख सांभाळली. भागांचा, पीसीबीचा, एसएमपीएसचा आणि मीटरचा खर्च मिळून ६,६२० रुपये. पुढच्या प्रत्येक मशीनला दोन हजारांच्या आसपास पडेल.

पॅनेलच्या दाराला आतून एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवला आहे. त्यावर १२० के, ३० के, ४३ के या किमती, ३५४ आणि ३८६१ हे आकडे, शील्ड फक्त अँप्लिफायरच्या टोकाला जोडायची ही सूचना, आणि वायर सुटली तर ०.१२ व्होल्ट दिसतील हे. काकांनी त्याखाली पेनाने गुजरातीत तारीख आणि आपली सही केली.